जिथे भाषांतर अडतं, तिथे थांब

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावीपर्यंत मराठी माध्यम, बी.ए.ला इंग्रजी स्पेशल, आता एम.ए.चं पहिलं वर्ष. अभ्यासक्रमात शेक्सपिअर, ऑस्टिन, डिकन्स, एमिली ब्राँटी, ब्राउनिंग. 'लिटररी डिव्हायसेस'ची, म्हणजे लेखनातल्या क्लृप्त्यांची, साठेक नावं व्याख्यांसकट पाठ आहेत, उताऱ्यात ती ओळखताही येतात. तरी प्रत्येक पेपरवर 'विश्लेषण कमी पडतं' असा शेरा येतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलींना जे सहज दिसतं ते आपल्याला दिसत नाही, असं तुला वाटतं. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

'आपल्याला दिसत नाही' या तुझ्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते खरं नाही. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं हेच शिकवते आहे. इंग्रजी सफाईने वाचणारी मुलं बऱ्याचदा वाक्यावरून घसरत पुढे जातात, कारण त्यांना कुठे अडतच नाही. तुला अडतं, आणि अडणं हाच या अभ्यासाचा पहिला टप्पा आहे. तुझ्याजवळ एक पूर्ण, समृद्ध दुसरी भाषा आहे. ती बाजूला ठेवून इंग्रजी साहित्याचा अभ्यास करायचा असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. मी नेमकं उलटं सांगणार आहे.

रीत सोपी आहे. कादंबरीतलं अर्धं पान घे, त्याहून जास्त नको. आधी मोठ्याने वाच. मग वहीत त्याचं मराठी कर, सुंदर नाही, फक्त प्रामाणिक. जिथे पेन थांबेल, जिथे दोन-तीन पर्याय लिहून खोडावे लागतील, तिथे समासात फुली मार. लेखकाने काहीतरी केलंय ते बहुधा त्याच फुलीपाशी असतं. नाव नंतर शोध. साठ नावांच्या यादीतून सुरुवात केली की आपण उताऱ्यात नावं शोधत बसतो आणि उतारा तसाच राहून जातो.

उदाहरणांशिवाय हे हवेत राहील, म्हणून तुझ्याच अभ्यासक्रमातली घेते.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ साली आली. तिचं पहिलं वाक्य तुला पाठ असेलच: भरपूर संपत्ती असलेल्या अविवाहित पुरुषाला बायको हवीच असणार, हे सर्वमान्य सत्य आहे. आता याचं मराठी करायला बस. 'इन वाँट ऑफ' इथे अडशील. 'बायको हवी आहे', 'बायकोची गरज आहे' की 'बायकोची उणीव आहे'? त्या काळच्या इंग्रजीत 'वाँट'मध्ये इच्छेपेक्षा उणीव आणि गरज जास्त होती. मग प्रश्न पडतो, ज्याच्याकडे सगळं आहे त्याला उणीव कसली? खरी उणीव कुणाला आहे? नायिकेच्या, म्हणजे बेनेट, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पण इस्टेट पुरुष वारसालाच जाईल अशी बांधलेली. वडील गेले की पाच मुली आणि आई घराबाहेर. नायक डार्सीचं उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड. गरजू कोण हे वाचकाला पहिल्या काही प्रकरणांत कळतं, आणि वाक्याने गरज उचलून पुरुषाच्या खांद्यावर ठेवलेली असते.

आता दुसरं वाक्य वाच, जे परीक्षेत कुणीच लिहीत नाही. असा माणूस शेजारात राहायला आला, की त्याला स्वतःला काय वाटतं याचा पत्ता नसतानाही आजूबाजूची कुटुंबं त्याला आपल्या कुठल्या ना कुठल्या मुलीची 'हक्काची मालमत्ता' समजतात. मालमत्ता हा शब्द पुरुषाला लावलाय. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईच्या जवळचं बहुतेक सगळं नवऱ्याचं होत असे. ही स्थिती मुळातून बदलायला १८८२ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा यावा लागला, म्हणजे ही कादंबरी आल्यावर जवळजवळ सत्तर वर्षं. ऑस्टिनने दोन वाक्यांत गरज आणि मालकी दोन्ही उलट्या करून ठेवल्या. 'पहिल्या वाक्यात आयर्नी आहे', म्हणजे बोलणं एक आणि अर्थ उलटा, असं लिहून एक गुण मिळतो. काय उलटं केलं, कुणाच्या सोयीचं आहे, आणि ते 'सर्वमान्य' म्हणणारे सर्व म्हणजे नेमके कोण, हे लिहिलंस की विश्लेषण सुरू होतं.

शब्दांचे जुने अर्थ हा इथला छुपा खड्डा आहे. त्याच कादंबरीत मिस्टर कॉलिन्स हा पाद्री आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या 'काँडिसेन्शन'चं तोंड भरून कौतुक करतो. आज या शब्दात तुच्छता आहे. तेव्हा मोठ्या माणसाने आपली पायरी सोडून लहानाशी आपुलकीने वागणं, असा तो चांगल्या अर्थाचा शब्द होता. आजचा अर्थ घेतलास तर कॉलिन्स विचित्र बोलतोय असं वाटेल, तेव्हाचा घेतलास तर त्याचं लाळघोटेपण कळेल. जुन्या पुस्तकासाठी जुने अर्थ देणारा शब्दकोश किंवा टिपांसह असलेली आवृत्ती हाताशी ठेव.

आता ज्या गोष्टीवर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते तिकडे येते. ऑस्टिनची 'एमा' डिसेंबर १८१५ मध्ये आली. एमाची खटपट चाललेली असते ती एल्टन या पाद्र्याचं लग्न आपल्या मैत्रिणीशी, हॅरिएटशी जुळवायची. आणि एल्टन भर बग्गीत एमालाच मागणी घालतो. घरी आल्यावर सोळाव्या प्रकरणाची सुरुवात अशी होते: केस कुरळे करून झाले, मोलकरणीला पाठवून दिलं, आणि एमा विचार करायला आणि दुःखी व्हायला बसली. मग लगेच: फारच वाईट प्रकार होता हा! तिला जे जे हवं होतं त्या सगळ्याची अशी उलथापालथ! हॅरिएटला केवढा धक्का!

एका वर्षी वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, लेखिकेला एवढं वाईट का वाटतंय?" वर्ग हसला. मी त्याला पुढे बोलावून फळ्यावर तो उतारा लिहायला लावला, कारण त्याने वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला होता. हळहळतंय कोण? वाक्य तृतीय पुरुषी आहे, भूतकाळी आहे, 'ती म्हणाली', 'तिला वाटलं' असं काही नाही. पण उद्गारचिन्हं एमाची आहेत, अतिशयोक्ती एमाची आहे, श्वास एमाचा आहे.

निवेदकाच्या वाक्यात पात्राचा आवाज असा मिसळणं, याला 'फ्री इनडायरेक्ट डिस्कोर्स' म्हणतात हे तुला माहीत आहे. मराठी वाचकाच्या हातून ते का निसटतं हे मात्र पुस्तकात लिहिलेलं नसतं. आपण अप्रत्यक्ष कथन कसं करतो बघ: 'ती म्हणाली की मी येणार नाही.' 'मी' तसाच राहिला, काळही तसाच राहिला. इंग्रजीत हे चालत नाही, 'मी'ची 'ती' होते आणि काळ एक पायरी मागे सरकतो. इंग्रजी वाचकाच्या कानाला ही काळाची पायरी सवयीची असते. 'ती म्हणाली' काढून टाकलं आणि नुसती मागे सरकलेली क्रियापदं ठेवली, तरी त्याला कळतं की हे कुणाच्या तरी मनातलं आहे. आपल्या कानाला ती पायरी ओळखीची नाही, म्हणून आपण ते वाक्य सरळ निवेदकाचं समजतो. यात बुद्धीचा काही संबंध नाही, दोन भाषांची व्याकरणं वेगळी आहेत.

म्हणून त्या उताऱ्याचं दोनदा भाषांतर कर. एकदा 'मला जे हवं होतं' असं, एकदा 'तिला जे हवं होतं' असं. 'मला' लिहिलंस तर एमा उरते आणि तिच्याकडे बघणारी नजर नाहीशी होते. 'तिला' लिहून उद्गारचिन्हं काढलीस तर बघणारी उरते, एमा जाते. मूळ वाक्यात दोघी एकाच वेळी आहेत. आणि मग आधीचं वाक्य नव्याने दिसतं. केस कुरळे करून झाल्यावर, मोलकरीण गेल्यावर, एमा दुःखी व्हायला बसते. दुःखाला सवडीने वेळ काढलाय. ही बघणारीची नजर. तिच्यावर प्रेम आहे, पण तिला सूट दिलेली नाही.

हे एका वाक्यापुरतं नाही. कादंबरी जवळजवळ पूर्ण एमाच्या नजरेतून सांगितली आहे, आणि एमाची नजर चुकते. फ्रँक चर्चिल आणि जेन फेअरफॅक्स यांचं गुपचूप लग्न ठरलेलं आहे, हे तिच्यासारखंच वाचकालाही शेवटाकडे कळतं. दुसऱ्यांदा वाचताना सगळे पुरावे आधीपासून समोर होते हे दिसतं. ही क्लृप्ती वाचकालाच एमाच्या जागी बसवते. उत्तरात एवढं लिही, व्याख्या नाही लिहिलीस तरी चालेल.

आता एक ठिकाण असं, जिथे मराठी वाचक आजच्या इंग्रज मुलांच्या पुढे आहे. शेक्सपिअरच्या काळात इंग्रजीत 'दाउ' आणि 'यू' असे दोन शब्द होते. ढोबळमानाने आपले 'तू' आणि 'तुम्ही'. आजच्या इंग्रजीतून 'दाउ' गेला, म्हणून तिथल्या मुलांना हा फरक शिकवावा लागतो. आपण तो रोज जगतो. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश काढ, आईच्या दालनातला. आई म्हणते, हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलं आहेस. ती 'दाउ' म्हणते. तो म्हणतो, आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलं आहे. तो 'यू' म्हणतो. पुढच्या ओळीत आईही 'यू'वर येते. घरात रागावलेल्या आईने मुलाला अचानक 'अहो' म्हणावं, तसं. हे तुला सांगावं लागणार नाही, तू ऐकलेलं असणार.

एक सावधगिरी मात्र घे. आपण आईला 'तू' म्हणतो, त्यामुळे हॅम्लेटचं 'तुम्ही' आपल्या कानाला मुद्दाम दुरावलेलं वाटेल. तिथल्या राजघराण्यात मुलाने आईला 'यू' म्हणणं हीच रीत होती. टोचणारा बदल आईकडून होतो. आणि 'वडील' या शब्दाकडे बघ. आईच्या तोंडी तो क्लॉडिअससाठी, म्हणजे राजाचा खून करून तिच्याशी लग्न केलेल्या दिरासाठी आहे, मुलाच्या तोंडी खून झालेल्या राजासाठी. वाक्य जवळजवळ तेच, रचना तीच, आणि एकाच शब्दाची दोन माणसं. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने 'हॅम्लेट' मराठीत आणलं. ग्रंथालयात मिळालं तर हा प्रवेश शेजारी ठेवून वाच. करंदीकरांचा 'राजा लिअर', शिरवाडकरांचा 'मॅकबेथ'वरून केलेला 'राजमुकुट' हेही तसंच वाच. हे भाषांतरकार कुठे अडले आणि कसे सुटले, हे बघणं कुठल्याही गाईडपेक्षा जास्त शिकवतं.

माझ्या रीतीची एक मर्यादाही सांगायला हवी. कधी कधी भाषांतर इतकं अलगद होतं की डिव्हाइस दिसतच नाही. डिकन्सची 'ब्लीक हाउस' मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ दर महिन्याला भागांत येत होती. तिची सुरुवात मराठीत कर: 'लंडन. नोव्हेंबरची निष्ठुर हवा. सगळीकडे धुकं. नदीच्या वरच्या अंगाला धुकं, खालच्या अंगाला धुकं.' कुठे अडलीस? नाही अडणार, कारण मराठीत क्रियापदावाचून वाक्य सहज उभं राहतं. इंग्रजीत राहत नाही. तिथे शाळेत पहिली शिकवण असते ती वाक्याला क्रियापद हवं, ही. डिकन्स पहिल्या तीन परिच्छेदांत मुख्य क्रियापद जवळजवळ येऊच देत नाही. लोळणारं धुकं, चाचपडणारी माणसं, सरपटणारं, लोंबकळणारं असं नुसतं चालू राहतं, काही घडून संपत नाही. चौथ्या परिच्छेदात क्रियापदं येतात, आणि धुक्याच्या ऐन गाभ्यात लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे चॅन्सरी कोर्टाचा मुख्य न्यायाधीश, काय करतो? बसतो. चॅन्सरी कोर्टात जार्नडिस विरुद्ध जार्नडिस हा वारशाचा दावा पिढ्यान् पिढ्या चालला आहे. शेवटी इस्टेटीचा सगळा पैसा कोर्टखर्चातच संपतो आणि दावा तिथेच थांबतो. ज्या व्यवस्थेत काहीच पुरं होत नाही तिच्या वर्णनातून त्याने पुरं करणारं क्रियापदच काढून घेतलं.

त्याच पहिल्या परिच्छेदात रस्त्यावरचा चिखल थरावर थर चढत 'चक्रवाढ व्याजाने' वाढतो. किती मुलं इथे 'मेटाफर' लिहून पुढे जातात! चिखलाला व्याज का? कारण ही पैशाची आणि दाव्यांची कादंबरी आहे. कोर्टाचं नाव पुरतं घेण्याआधीच त्याने रस्त्यावरच्या चिखलात सावकारी कालवून ठेवली आहे. उपमान कुठून आणलं हे नेहमी विचार. उपमा देताना लेखक एक वस्तू उचलून आणतो, आणि ती ज्या घरातून आणली त्या घराचा वास तिला असतो.

म्हणून जिथे मराठी फारच सहज आली तिथेही एकदा मागे वळ, आणि मूळ इंग्रजी वाक्याचं व्याकरण तपास. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, काळ कोणता. दहा मिनिटांचं काम आहे.

आपल्या अलंकारशास्त्राबद्दलही बोलते, कारण तू शाळेत उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, चेतनागुणोक्ती शिकलीस आणि आता मनातल्या मनात जोड्या लावत असशील. काही जोड्या बसतात. चेतनागुणोक्ती आणि 'पर्सॉनिफिकेशन' बऱ्यापैकी एक आहेत. पण 'मेटाफर' म्हणजे रूपक, हे अर्धंच खरं. आपल्या रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही समोर असतात, 'मुखचंद्र'. नुसतं उपमान ठेवून उपमेय गाळलं तर आपले शास्त्रकार त्याला अतिशयोक्तीत घालतात. इंग्रजीत दोन्ही 'मेटाफर'च. 'आयर्नी'चं तर सगळ्यात हाल होतात. कुणी विरोधाभास लिहितं, पण तो 'पॅरॅडॉक्स'च्या जवळचा. कुणी व्याजोक्ती लिहितं, पण ती खरं कारण लपवून खोटं कारण सांगण्याची. बोलण्यातल्या आयर्नीला उपरोध चालेल. रंगमंचावरच्या आयर्नीला आपल्याकडे एका शब्दाचं नाव नाही, ती समजून घ्यायची. 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकात राजा डंकन एका फितुराबद्दल म्हणतो, चेहऱ्यावरून मन वाचायची कला अस्तित्वात नाही, त्या माणसावर मी पूर्ण विश्वास टाकला होता. आणि 'विश्वास' या शब्दावर ओळ अर्धी तोडून मॅकबेथ प्रवेश करतो. प्रेक्षकाला माहीत आहे, राजाला नाही. ओळ जिथे तुटली तीच जागा.

कवितेत दोन चुका मराठी कानाने होतात. पहिली, लघु-गुरू मोजण्याची. आपली वृत्तं अक्षराच्या लांबीवर उभी आहेत, इंग्रजी छंद आघातावर. 'आयँबिक पेंटॅमीटर'मध्ये आघात नसलेलं आणि असलेलं अशी जोडी पाच वेळा येते. बोटांनी मात्रा मोजू नकोस, टेबलावर ठोका देऊन म्हण. मग 'किंग लिअर'च्या शेवटी, धाकट्या मुलीचं, कॉर्डिलियाचं प्रेत मांडीवर घेतलेला म्हातारा राजा एका ओळीत एकच शब्द पाच वेळा म्हणतो तिथे ये: नेव्हर, नेव्हर, नेव्हर, नेव्हर, नेव्हर. ठोका दे. आघात पहिल्या अक्षरावर पडतो. नाटकभर चाललेली चाल इथे पाचही वेळा उलटी झाली आहे. याचं मराठी करून बघ. 'कधीच नाही' पाच वेळा म्हणता येत नाही. मला तरी आजवर नीट जमलेलं नाही, आणि दर वर्षी मी वर्गात प्रयत्न करते.

दुसरी चूक, ओळीच्या शेवटी थांबण्याची. ओवी, श्लोक, आर्या यांनी आपल्या कानाला सवय लावली की चरण संपला, जरा थांबा. त्याच सवयीने मुलं ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' वाचतात आणि कविता हातातून जाते. १८४२ सालची ही कविता ५६ ओळींची आहे आणि दर दोन ओळींना यमक आहे. पण वाक्यं ओळीच्या शेवटी थांबत नाहीत, पुढच्या ओळीत वाहत जाऊन मध्येच कुठेतरी थांबतात. अर्थाप्रमाणे मोठ्याने वाचलंस तर यमक ऐकूच येत नाही. यमक तिथे आहे, काटेकोर आहे, आणि झाकलेलं आहे. आता बोलणारा कोण ते आठव. आपल्याला बोलण्याची कला नाही म्हणणारा, बायकोच्या चित्रावरचा पडदा फक्त आपल्या हाताने सरकवणारा ड्यूक. तो सांगतो, मी हुकूम दिले, मग सगळी हसू एकदम थांबली. खुनाची जवळजवळ कबुली, आणि पुढच्याच श्वासात हुंड्याची गोष्ट. पोलादी नियंत्रण, वर सहज गप्पांचा रंग. छंदानेही तेच केलंय.

आणि कृपा करून 'ड्रॅमॅटिक मोनोलॉग'ला स्वगत म्हणू नकोस. स्वगतात माणूस स्वतःशी बोलतो, आणि तिथे तो खोटं बोलत नाही असं आपण धरून चालतो. इथे समोर होणाऱ्या सासऱ्याचा माणूस उभा आहे, आणि ड्यूक प्रत्येक शब्द त्याच्यावर परिणाम व्हावा म्हणून बोलतो आहे. स्वगत म्हटलंस की तो ऐकणारा माणूस गायब होतो, आणि त्याच्याबरोबर कवितेतली भीतीही.

उत्तर कसं लिहायचं, हा तुझा खरा प्रश्न होता. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चं दुसरंच पान घेते. पिप हा अनाथ मुलगा ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी आईवडिलांच्या थडग्यापाशी उभा आहे. एक लांबलचक वाक्य येतं. हे खाजखुजलीने भरलेलं ओसाड ठिकाण म्हणजे दफनभूमी, आणि पलीकडची काळपट सपाट जमीन म्हणजे दलदल, आणि त्यापुढची शिशासारखी खालची रेघ म्हणजे नदी, आणि जिथून वारा सुटलाय ती लांबची रानटी गुहा म्हणजे समुद्र, आणि या सगळ्याला घाबरून रडू लागलेलं ते कुडकुडणारं छोटंसं गाठोडं म्हणजे पिप.

बहुतेक उत्तरांत लिहिलेलं असतं: डिकन्सने एकाच रचनेची पुनरावृत्ती आणि प्रतिमा वापरून भीतीदायक वातावरण निर्माण केलं आहे. चुकीचं काहीच नाही, पण हे वाक्य शंभर कादंबऱ्यांना लावता येतं. तुझं वाक्य याच पानाला लागू पडलं पाहिजे. मी असं लिहीन: एकाच रचनेच्या पाच-सहा पायऱ्यांनी नजर मुलापासून दूर दूर जाते, कबरी, दलदल, नदी, समुद्र. प्रत्येक पायरीला जग मोठं होतं. सगळ्यात मोठ्या वस्तूनंतर एकदम सगळ्यात छोटी येते, आणि ती मुलगा स्वतः आहे. त्याचं नाव वाक्याच्या अगदी टोकाला, वस्तूंच्या यादीत एक वस्तू म्हणून येतं. आधी तो 'गाठोडं' आहे, मग पिप. आणि हे सांगणारा आता मोठा झालेला पिप आहे. त्या लहान मुलाकडे तो इतक्या लांबून बघतो आहे की त्याला 'मी' म्हणत नाही.

काय केलं ते सांगितलं, ते कुठल्या क्रमाने घडतं ते सांगितलं, आणि शेवटी पुस्तकाच्या मोठ्या गोष्टीशी, म्हणजे मोठेपणी स्वतःच्या बालपणाची लाज वाटणाऱ्या माणसाशी नेऊन जोडलं. एकाच शब्दांनी पुन्हा पुन्हा सुरुवात करण्याचं 'अ‍ॅनाफोरा' हे नाव हवं तर कंसात घाल.

आणखी एक. डिव्हाइस कुठून येतं, याचं उत्तर कधी कधी छापखान्यात असतं. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १ डिसेंबर १८६० पासून 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात आठवड्याला थोडी थोडी येत होती, ऑगस्ट १८६१ पर्यंत. आठ महिने वाचणाऱ्याच्या लक्षात इतकी माणसं राहायची कशी? म्हणून जॅगर्स वकील सतत आपलं मोठं बोट चावतो, म्हणून त्याचा कारकून वेमिक याचं तोंड टपालपेटीच्या फटीसारखं. मग पुढे जाऊन डिकन्स त्या खुणेलाच कामाला लावतो. वेमिकची फट ऑफिसात घट्ट असते, घरी वडिलांजवळ सैल होते. शक्य झालं तर एकदा ही कादंबरी आठवड्याला दोन प्रकरणं या गतीने वाच. एका रात्रीत संपवलेल्या पुस्तकात हे दिसत नाही.

गाईडबद्दल माझं मत कडक आहे: मूळ पुस्तक एकदा पूर्ण वाचल्याशिवाय उघडायचं नाही. पुस्तकं विकत घेणं जड जात असेल तर या सगळ्या मूळ इंग्रजी कलाकृती प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर मोफत आहेत. ग्रंथालयातून टिपांसह असलेली एखादी प्रत मात्र मिळव.

राहिली एमिली ब्राँटीची 'वदरिंग हाइट्स', जी तुला सगळ्यात अवघड वाटते. १८४७ सालची, एलिस बेल या टोपणनावाने आलेली. नवा भाडेकरू लॉकवुड सांगतो, त्याच्या आत घरची कारभारीण नेली डीन सांगते, तिच्या आत कधी कुणाचं पत्र. 'अनरिलाएबल नॅरेटर', म्हणजे भरवसा ठेवता न येणारा निवेदक, ही व्याख्या तात्पुरती विसर आणि पेन्सिल घेऊन पहिली दोन प्रकरणं वाच. लॉकवुड चुकला की समासात रेघ मार. पहिल्या भेटीतच तो घरमालक हीथक्लिफला झकास माणूस ठरवतो. मेलेल्या सशांच्या ढिगाला तो मांजरं समजून यजमानीणबाईंना विचारतो, तुमची लाडकी यांतच आहेत का? तरुण मुलीला आधी हीथक्लिफची बायको समजतो, मग हेअरटनची. दोन्ही चूक. दुसरं प्रकरण संपेपर्यंत तुझ्याकडे चार-पाच रेघा होतील. लेखिकेने कुठेही म्हटलेलं नाही की याच्यावर विश्वास ठेवू नका, तिने फक्त ससे ठेवले.

चौथ्या प्रकरणापासून नेली बोलू लागते. ती शहाणी, घरातली, आणि आपल्याला लगेच पटणारी. पेन्सिल खाली ठेवू नकोस. नवव्या प्रकरणात कॅथरीन म्हणते की हीथक्लिफशी लग्न करणं मला कमीपणाचं ठरेल. तो आडोशाला बसून ऐकतो आणि उठून जातो, आणि नेलीला ते दिसतं. ती त्या क्षणी कॅथरीनला ते सांगत नाही. तिथे रेघ मार, आणि मग मागे जाऊन चौथ्यापासून पुन्हा वाच.